आमच्याकडून पंचवीस भाकऱ्या

मधल्या सुट्टीत शिक्षकखोलीत डबा उघडला आणि फोनवर गल्लीच्या ग्रुपचा मेसेज दिसला. आमच्या मंडळाच्या अध्यक्षांनी टाकला होता. येत्या शुक्रवारी गल्लीची जत्रा, दुपारी नदीचं नवं पाणी घेऊन देवीला जायचं, संध्याकाळी सात वाजता मंडळाच्या हॉलसमोर जेवण. पुढं लिहिलं होतं, ‘मटण, तांबडा, पांढरा, भात सगळं मंडळ बघेल. कुणाच्या घरावर लोड नको म्हणून सोपं ठेवलंय. प्रत्येक घरातनं फक्त दहा भाकऱ्या आणाव्यात. ज्यांना तेवढंही जमत नाही त्यांनी काकडी, दही, लिंबू असलं काहीतरी सोपं आणावं.’ त्याच्याखाली अंगठ्यांची आणि जोडलेल्या हातांची रांग. आणि त्या रांगेत माझ्या नवऱ्याचं उत्तर होतं, ‘आमच्याकडून पंचवीस.’

मी डबा झाकून ठेवला. शेजारच्या बाईंनी विचारलं, भाजी बिघडली का? म्हटलं, भाजी चांगली आहे.

आमच्या घरात माणसं तीन. मी, नवरा आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्ती म्हणते, आमच्याकडं तसंच म्हणतात. संक्रांतीनंतर आत्ती न्हाणीत घसरून पडल्या आणि उजवं मनगट मोडलं. दीड महिना प्लास्टर होतं. ते निघालं तेव्हा हात वाकडाच राहिला होता आणि बोटं मिटेनात. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की या हातावर आता जोर द्यायचा नाही, दाबायचं नाही, उचलायचं नाही. हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं, नवऱ्याला सांगितलं होतं. तोच एक्स-रेचं पाकीट मांडीवर घेऊन समोर बसला होता आणि मान हलवत होता. चार महिन्यांनी त्याच माणसानं पंचवीस भाकऱ्या जाहीर केल्या. त्या कोण करणार, हा प्रश्न टाइप करताना त्याच्या मनाला शिवलासुद्धा नसेल.

कोल्हापूरच्या बाहेरच्यांना ही जत्रा सांगावी लागते. आषाढात पंचगंगेला नवं पाणी येतं. ते कलशात भरून, वाजतगाजत टेंबलाईच्या टेकडीवर न्यायचं आणि पायऱ्यांवर ओतायचं. पाऊस दिलास, नदी भरलीस, तुझे उपकार, एवढाच त्याचा अर्थ. मंगळवारी आणि शुक्रवारी एकेक गल्ली जाते आणि त्या संध्याकाळी अख्खी गल्ली एकत्र जेवते. डोक्यावर कलश घेऊन टेकडी चढतात त्या बायका आणि मुली. पुढं वाजंत्र्यांसमोर नाचतात ते पुरुष. याबद्दल माझी तक्रार नाही, नाचायला मलाही आवडलं असतं, पण कलश घेऊन नाचता येत नाही.

जेवण मात्र पुरुष करतात आणि त्याचा त्यांना केवढा अभिमान. सकाळी मटण येतं. हॉलच्या मागं ताडपत्रीवर बसून कांदे चिरतात, चिरताना एकमेकांची उणीदुणी काढतात. मसाला भाजायला एक ठरलेला माणूस, पांढऱ्यासाठी दुसरा. तो दुसरा दिवसभर कुणाशी धड बोलत नाही, जणू काही त्याच्या एकट्याच्या डोक्यावर देवीचा कारभार आहे. अळणी तयार झालं की वाट्या घेऊन सगळे भोवती जमतात आणि मीठ न घातलेल्या त्या रश्श्यावर अर्धा तास चर्चा करतात. मग आठवडाभर तीच चर्चा पानपट्टीवर. यंदा तांबडा झणका झाला, यंदा पांढऱ्यात खसखस जास्त पडली. भाकरीबद्दल मी अजून एक अक्षर ऐकलेलं नाही. ती जणू नळाला पाणी येतं तशी कुठूनतरी येते.

पंचवीस भाकऱ्या म्हणजे काय ते सांगते, कारण ज्यांनी ‘सोपं’ लिहिलं त्यांना ते कधी कुणी सांगितलेलं नाही. पीठ एकदम मळून चालत नाही. दोन-तीन भाकऱ्यांपुरतं गरम पाण्यात भिजवायचं, तळव्याच्या बुडानं रगडायचं, गोळा परातीत बडवायचा, तव्यावर टाकायचा, वरून पाणी फिरवायचं, उलटायची, मग आचेवर धरून फुगवायची. एक तव्यावर असताना दुसरी हाताखाली. दोन-अडीच तास गॅसपुढून हलायचं नाही, आणि आषाढातल्या त्या दमट हवेत पंखाही लावायचा नाही कारण ज्योत हलते. रात्री खांद्यापासून करंगळीपर्यंत हात ठणकत असतो. अशा चाळीस घरांतून भाकऱ्या जातात.

आणि त्या खातं कोण? पहिली पंगत पाहुण्यांची आणि मोठ्या माणसांची. दुसरी मंडळातल्या बाकीच्यांची, तिसरी मुलांची. शेवटची बायकांची. आमची पंगत बसेपर्यंत भाकऱ्या संपलेल्या असतात. चारशे भाकऱ्या केलेल्या बायका भात आणि तळाचा रस्सा खातात, तोही पाणी घालून वाढवलेला. पंगतीनंतर अध्यक्ष माइक घेऊन आभार मानतात. मटणवाल्याचे, मांडववाल्याचे, स्पीकरवाल्याचे, कांदा चिरणाऱ्यांचे नाव घेऊन घेऊन. मग सगळे टाळ्या वाजवतात आणि आम्हीही वाजवतो. लग्न होऊन मी या गल्लीत आले त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. अठ्ठावीस वर्षं मी टाळ्या वाजवल्यात, हे लिहितानाही माझी मलाच चीड येते.

त्या संध्याकाळी नवरा घरी आला तेव्हा मी चहासुद्धा ठेवला नाही. विचारलं, "पंचवीस कोण करणार?"

"करशील की तू. दरवर्षी कोण करतंय?"

"दरवर्षी आम्ही दोघी करतो. निम्म्या आत्ती करतात. त्यांच्या हाताचं काय झालंय ते आठवतंय का?"

त्यानं चप्पल काढून कोपऱ्यात सारली. मग म्हणाला, "अगं, एका दिवसाचा तर प्रश्न हाय. अध्यक्षांचं पावणं येणार हाईत बिद्रीचं. भाकरी कमी पडली तर बरं दिसतंय व्हय?"

मी म्हटलं, बचत गटाच्या बायका भाकऱ्या करून देतात, त्यांच्याकडून आणू. नवऱ्यानं माझ्याकडं असं बघितलं की जणू मी देवीला शिळा नैवेद्य दाखवते म्हणाले. "जत्रेला इकतची भाकरी? गल्लीत नाक कापशील माझं." म्हटलं, मग मी दहा करते, शाळेतून येऊन जेवढ्या होतील तेवढ्या, पंधरा कमी झाल्या असं तुम्ही ग्रुपवर लिहा. त्यावर तो टीव्ही लावून बसला. शब्द दिलाय म्हणे. शब्द याचा आणि हात दुसऱ्याचे.

आत्ती कॉटवर बसून सगळं ऐकत होत्या. त्यांच्या भाकरीचं गल्लीतल्या बायकांत नाव होतं, हे मी मान्य करते. पातळ, गोल, ताटाएवढी, आणि मऊ अशी की दुसऱ्या दिवशीही तुटायची नाही. त्यांना त्याचा अभिमान वाटायचा. त्या एवढंच म्हणाल्या, "आपल्या घरातनं भाकरी न्हाई गेली असं कवा झालं न्हाई गं." मी त्यांच्यावरही तडकले. म्हटलं, "आत्ती, तुम्ही मधे पडू नका." नंतर वाईट वाटलं, पण तेव्हा नाही.

शुक्रवारी मला अर्ध्या दिवसाची रजा हवी होती. नेमकी त्याच दिवशी शाळेत तपासणी निघाली. पाण्याच्या मिरवणुकीलाही मी नव्हते. घरी पोचायला चार वाजून गेले. दार उघडताच भाजल्या पिठाचा वास आला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आत्ती ओट्यापुढं उभ्या होत्या. उजवा हात टॉवेलात गुंडाळून पोटाशी धरला होता आणि डाव्या हातानं भाकरी थापत होत्या. डाव्यानं थापायची आणि उजव्या हाताच्या कोपरानं ती परातीत फिरवायची. काठ फाटत होता. फाटला की पाण्याचं बोट लावून सांधायचा, पुन्हा थापायचं. चेहरा घामानं निथळत होता. मी गॅस बंद केला आणि टॉवेल सोडला. मनगट सुजून टम्म झालं होतं. म्हणजे टॉवेल बांधायच्या आधी त्यांनी उजव्या हातानंच करून बघितलं होतं.

"आत्ती, हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी न्हाय. त्येनं सकाळी इचारलं फकस्त. म्हटला, आई, जमंल न्हवं थोडं? मी म्हटलो, जमंल." मग परातीकडं बघून म्हणाल्या, "नऊ झाल्यात. पंचवीस सांगितल्यात गं त्येनं."

मी शाळेत गेल्यावर त्यानं विचारलं होतं. म्हणजे विसरला वगैरे काही नव्हता. त्याला चांगलं ठाऊक होतं की आई नाही म्हणणार नाही आणि मी म्हणणार. मी आयुष्यात भांडी फेकलेली नाहीत. त्या दिवशी उलथनं हातात होतं, ते मी शांतपणे मोरीत ठेवलं, कारण फेकलं असतं तर आत्ती घाबरल्या असत्या. त्यांच्या हाताला बर्फ बांधला, त्यांना बसवलं आणि भाकऱ्या न्यायची मोठी वेताची बुट्टी रिकामीच उचलून बेकरीत गेले.

स्लाइस ब्रेडचे बारा पुडे घेतले. बेकरीवाला म्हणाला, "मिसळ करताय काय मॅडम? पावणं लई दिसत्यात." मी म्हटलं, हो, लई आहेत. घरी येऊन पुडे बुट्टीत रचले आणि वर आत्तींचा भाकरी झाकायचा पांढरा पंचा घातला. आत्तींनी ते बघितलं आणि तोंड फिरवलं.

सहा वाजता नवरा आला. नवा सदरा, कपाळाला गुलाल. "झाल्या?" "झाल्या." त्यानं बुट्टी खांद्यावर घेतली. "हलकी लागतीया," म्हणाला आणि गेला. आत बघावं, आईला विचारावं, हात बघावा, यातलं काही नाही.

मी तयार होऊन बाहेर आले तर आत्ती चांगलं लुगडं नेसून दारात उभ्या. डाव्या बगलेत फडक्यात बांधलेल्या नऊ भाकऱ्या. मी म्हटलं, त्या राहू देत. त्या चालायला लागल्या.

हॉलसमोर भाकऱ्या गोळा करायला एक टेबल मांडलेलं असतं. आम्ही पोचलो तेव्हा पहिली पंगत बसत होती. हल्ली खाली बसत नाहीत, लांब टेबलं आणि खुर्च्या असतात. मधोमध अध्यक्षांचे बिद्रीचे पाहुणे. वाढप्यांपैकी एकानं आमच्या बुट्टीवरचा पंचा काढला आणि तसाच उभा राहिला. मग दुसऱ्याला बोलावलं. मग अध्यक्ष स्वतः आले. नवरा रश्श्याची बादली घेऊन पंगतीत होता, त्याला कुणीतरी हाक मारली.

"वहिनी, ही काय चेष्टा हाय?" अध्यक्ष मला म्हणाले. आवाज खाली ठेवून, कारण पाहुणे ऐकत होते.

"सोपं आणा म्हणाला होता की तुम्ही. याच्यापेक्षा सोपं मला दुसरं काही सुचलं नाही."

"अहो, पांढऱ्याबर ब्रेड? लोक काय म्हणतील?"

"मिसळीवर चालतो. सकाळी अर्धी गल्ली तेच खाते. मग इथं का चालत नाही?"

कोपऱ्यावरच्या टेलरची बायको माझ्या शेजारी उभी होती. तिला सगळी गल्ली भाभी म्हणते. त्यांचं घर इथं तीन पिढ्यांचं, तिच्याही घरातून दरवर्षी दहा भाकऱ्या येतात आणि तीही आमच्याबरोबर भात खाते. ती जोरात म्हणाली, "बरं केलीस बघ. आधी सांगायचं की, मी पण ब्रेडच आणलो असतो." दोन-तीन बायका हसल्या. अध्यक्षांनी त्यांच्याकडं बघितलं तरी हसल्या.

नवरा माझ्या अगदी जवळ आला. "घरी चल. घरात बोलू."

"इथंच बोला. पंचवीस सांगताना घरात विचारलं नव्हतं, सगळ्यांसमोर सांगितलं होतं."

तेवढ्यात आत्ती आमच्या मधून पुढं झाल्या आणि फडकं टेबलावर ठेवलं. "ह्या घ्या. आमच्या घरातल्याच हाईत. भांडू नगासा." वाढप्यानं फडकं सोडलं, वरची भाकरी उचलली आणि फिरवून बघत म्हणाला, "ही कसली हो? काठ फाटल्यात सगळं."

मी म्हटलं, "डाव्या हातानं केल्यात. उजवा मोडलाय. नऊच झाल्या."

त्यानं भाकरी हळूच खाली ठेवली. माझं बोलणं पंगतीला ऐकू गेलं होतं, मी मुद्दामच तेवढ्या मोठ्यानं बोलले होते. नवऱ्यानं आईच्या हाताकडं बघितलं. बर्फ वितळून पट्टी ओली झाली होती आणि तिच्याखालची बोटं फुगलेली दिसत होती.

भाभीनं पंगतीतली एक रिकामी खुर्ची ओढली. "बसा आत्ती. हितं बसा." आत्ती नको नको म्हणत होत्या. बायकांची पंगत नंतर असते, हे त्याच भाभीला समजावून सांगत होत्या. भाभीनं त्यांना खांद्याला धरून बसवलंच. शेजारचे बिद्रीचे पाहुणे सरकले. अध्यक्ष म्हणाले, "बसू दे की, बसू दे. वाढा रं आत्तीस्नी." जसं काही त्यांच्याच मनात ते आधीपासून होतं.

ताट आलं. मटण, वाटीत तांबडा, वाटीत पांढरा, कांदा, लिंबू, आणि आत्तींच्याच नऊतली एक भाकरी. आत्ती ताटाकडं बघत नुसत्या बसल्या. मला वाटलं, पुरुषांच्या पंगतीत लाज वाटतेय. मग लक्षात आलं. भाकरी चुरायला दोन हात लागतात. घरी पाच महिने मी चुरून देते. मी पुढं झाले आणि अर्ध्यात थांबले. हे मी ठरवून केलं, ते इथं लपवत नाही. आत्ती तशाच बसून राहिल्या, आजूबाजूचे जेवायला लागले, आणि मी हाताची घडी घालून उभी राहिले. एवढी निर्दय मी त्या एका मिनिटापुरतीच झाले असेन.

नवरा बादली घेऊन समोर उभा होता. त्यानं बादली खाली ठेवली. खुर्चीशेजारी उकिडवा बसला आणि ताटातली भाकरी घेऊन मोडायला लागला. मोठे मोठे तुकडे केले.

"तसलं गिळत न्हाई मला," आत्ती म्हणाल्या. "बारीक कर."

त्यानं बारीक केली. भाकरी कडेला जाड आणि कच्ची होती, तिथं त्याला जोर लावावा लागत होता. नवा सदरा, गुलाल, आणि बोटांना पीठ. गल्ली बघत होती. त्यानं मान वर केली नाही. चुरा ताटात सारखा करून त्यावर पांढरा ओतला आणि ताट आईच्या डाव्या हाताजवळ सरकवलं. माझा राग त्यानं कमी झाला म्हणावं तर तसं नाही. अजूनही तो विषय निघाला की आमचं जेवण अर्ध्यावर राहतं.

आत्तींनी डाव्या हातानं पहिला घास घेतला. थोडा हनुवटीवर सांडला. तो गिळून झाल्यावर त्या कुणाकडंच न बघता म्हणाल्या, "हितला रस्सा भाकरीबर असा लागतोय व्हय."

शेजारचे पाहुणे सहज म्हणाले, "म्हणजे? आत्ती, तुम्ही काय या गल्लीत नव्या हाय?"

"न्हाय वो पावणं," आत्ती म्हणाल्या, "बावन्न वर्सं झाली." आणि दुसरा घास घेतला.